रंगुबाईनं निजून घेतलेली गादी

कुंडलच्या भाऊसो पैलवानाची बायको रंगुबाई, पन्नाशी ओलांडली तरी आपलं अंथरूण तिनं कधी निवडलं नव्हतं. जागा मिळंल तिथं पाठ टेकायची आणि कोंबडं आरवायच्या आत उठायचं, झोपेतलं तिला एवढंच कळत होतं.

जन्म शिराळ्याच्या डोंगराकडचा. बापाच्या घरात शेणानं सारवलेली भुई, भुईवर घोंगडं आणि सगळ्या भावंडांत मिळून एक वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर घालून आईनं शिवलेली ती वाकळ एवढी जड, की अंगावर पडली की पोराचं हलणं बंद. कडंला निजणाऱ्याची वाकळ पहाटंपर्यंत मधल्यांनी ओढून नेलेली असायची. रंगुबाई थोरली, म्हणून कडंला तीच.

लग्न होऊन कुंडलला आली तर नवरा तालमीत. वस्तादाचा हुकूम होता, मैदान होईस्तोवर पैलवानानं घरात निजायचं नाही. भाऊसो तालमीत सतरंजी टाकून घोरायचा आणि नवी नवरी चुलीपाशी सासूच्या पायथ्याला. पुढं उसाच्या राखणीला गेली तेव्हा पाचटावर निजली. पाचट मऊ, पण उठल्यावर दिवसभर अंग खाजवत बसायचं. मग घरात लोखंडी खाट आली, खाटंवर कापसाची गादी आली आणि त्याच सुमाराला सासूनं अंथरूण धरलं. सासू खाटंवर, रंगुबाई खाटंखाली, हाकंला जवळ. सासू गेली, खाट रिकामी झाली, तिच्यावर भाऊसो निजला.

ह्याचं तिला वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नाही. राबलेल्या माणसाला दगडावरबी झोप लागती, असं ती म्हणायची. आणि लागत होतीच.

गोठ्यात तीन म्हशी होत्या. घरच्या नव्हेत, तिच्या. पहिली रेडी तिनं माहेराहून चालवत आणली होती, ह्या तिघी तिच्याच वंशातल्या. डेअरीचं खातं रंगुबाईच्या नावावर होतं, आणि घरात तिच्या शब्दाला जे वजन होतं ते निम्मं ह्या म्हशींचं होतं. भाऊसोला कोपरीसाठी कापड घ्यायचं असलं तरी तो आधी गोठ्याकडं बघायचा आणि मग बायकोकडं.

एका सकाळी धार काढून ती उठाय गेली आणि कमरेतनं अशी कळ निघाली, की चरवी हातात धरून ती म्हशीच्या पोटाशी तशीच बसून राहिली. सून साक्षी पळत आली, काखेत हात घालून तिनं सासूला उभी केली. इस्लामपूरच्या डॉक्टरनं फोटो काढला, गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला आणि विचारलं, "झोपता कशावर?"

"भुईवर की. वाकाळ टाकून."

"मणक्यातली गादी दबलीय, मावशी. खाली झोपणं, रोज तसं उठणं, हे बंद करा. चांगली गादी घ्या, कमरेला आधार मिळाला पाहिजे. थोडे दिवस बघू. फरक नाही पडला, तर म्हशींचं काम सोडायला लागंल."

बाहेर आल्यावर भाऊसो म्हणाला, "आतली दबली म्हणून भायेरची बदलायची. डॉक्टर शाना हाय."

रंगुबाईचं तिकडं ध्यान नव्हतं. तिच्या कानात डॉक्टरचं शेवटचंच वाक्य घुमत होतं. म्हशी गेल्या तर सकाळी उठून करायचं काय? चुलीतली राख ओढायची?

लेक जयराज मिलिटरीत. त्याचा फोन आला, "आबा, भारीतली घ्या. आईसाठी हाय, कंजुषी करू नका." भाऊसोनं कंजुषी केली नाही. बायकोला घेऊन तो सांगलीला गेला आणि काचंच्या दरवाज्याच्या दुकानात शिरला. आत गार वारा आणि ओळीनं गाद्या. दुकानातला पोरगा अदबीनं म्हणाला, "काकू, झोपून बघा ना."

रंगुबाईनं डोईवरचा पदर पुढं ओढला. चार परके बाप्ये उभे, बाहेरनं जाणारं येणारं काचंतनं आत बघतंय, आणि हिनं तिथं आडवं व्हायचं? घरात सासऱ्यापुढं ती कधी टेकून बसली नव्हती. तिनं भाकरीचं पीठ दाबावं तशी गादी तळहातानं दाबली, कडंला टेकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आवं, तुमीच बघा."

मग भाऊसो निजला. कुस्ती सुटली होती पण वजन सुटलं नव्हतं. वजनकाट्यावर शंभराच्या पुढं जाणारा गडी त्या गादीत असा उतरला, की वरनं नुसतं पोट दिसायला लागलं.

"अगं रंगे, लोण्यात पडल्यागत वाटतंया!"

"कमरंला?"

"कंबर कुटं हाय त्येच कळंना!"

ठरलं. गादी टेम्पोनं कुंडलला आली, तिच्याबरोबर दोघांची नवी रुंद खाटही आली. नव्या ट्रॅक्टरला करावी तशी तिची पूजा झाली, कोपऱ्याला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला. आळीतल्या बायका येऊन दाबून गेल्या. प्लास्टिक मात्र काढायचं नाही, मळंल, असं भाऊसोनं बजावलं. दोघं त्या प्लास्टिकवरच निजायला लागली. कूस बदलली की चर्रर्र, आणि पाठीला घामाची धार. शेवटी साक्षीनं एक दिवस सासरा डेअरीकडं गेल्यावर विळी घेतली आणि प्लास्टिक फाडून टाकलं.

पण खरं दुखणं प्लास्टिकचं नव्हतं. भाऊसोच्या बाजूला गादीला खड्डा पडायचा आणि काडीएवढी रंगुबाई घरंगळत त्या खड्ड्यात जायची. ती आपली खाटंची कड धरून निजायची. सकाळी कंबर तर धरलेलीच, वर मनगट आखडलेलं. शेजारच्या अंबूबाईनं विचारलं, "काय गं, नवी गादी म्हनं लय मऊ?"

"मऊ हाय. म्या रोज घाट चढतीया."

"ह्या वयात पैलवानाजवळ एवढी जवळीक! नशीबवान बाई!"

"तू ये की एक दिस. बघ नशीब."

दोन महिन्यांत तिचे डोळे खोल गेले. दुपारी भाकरी थापता थापता डुलकी लागायची आणि तव्यावरची करपायची. एक सकाळ अशी आली, की धारेला बसली ती उठलीच नाही. साक्षीनं आणि भाऊसोनं मिळून उचलली. दूध मातीत गेलं.

भाऊसो ओट्यावर बसून म्हणाला, "बास झालं. गादी आनली, गोळ्या झाल्या. आता हेडीला, त्या म्हशीच्या दलालाला, सांगावा धाडतो. पुढच्या म्हैन्यात येऊन तिन्ही म्हशी घिऊन जाईल."

"माज्या म्हशी, आन् सांगावा तुमी धाडनार?"

"तुजी कंबर धड न्हाई म्हनून बोलतोय. लाकडाचं काळीज न्हाई माजं."

हेही खरंच होतं, म्हणून ती जास्त चिडली. गोठ्यात जाऊन म्हशींच्या पुढं वैरण टाकत राहिली. साक्षी मागोमाग आली. पोरगी बोलायला तिखट, पण खोट काढायची नाही.

"आत्ती, एक इचारू? सांगलीला दुकानात तुमी त्या गादीवर निजला व्हता?"

"म्या? चार बाप्यांपुढं?"

"मग कोन निजलं?"

"हेच. ह्येंनीच तर सांगितलं, लोण्यागत हाय म्हनून."

साक्षीनं कपाळाला हात लावला. "आत्ती, चप्पल घ्याची झाली तर मामांचा पाय घालून बघता व्हय?"

रंगुबाई वैरणीची पेंढी हातात धरून उभी राहिली. मग खुदकन हसली. मग हसू गेलं आणि तोंड घट्ट झालं. जन्मभर कुणी ना कुणी तिचं अंथरूण ठरवत आलं होतं, आणि ह्या खेपंला तर तिनं स्वतःच नवऱ्याला आपल्या जागी निजवलं होतं.

"उद्या तिघांनी इस्लामपूरला जायचं," ती म्हणाली. "पैलवानाला सांग, गाडी काढा. आन् गप बसा."

इस्लामपूरला शमशेर नदाफाचं गादीचं दुकान. त्याचा आजा गावोगाव धनुकली घेऊन कापूस पिंजत फिरायचा. शमशेर आता कापसाच्या गाद्या भरतो, काथ्याच्या आणि फोमच्या आणून विकतो. बायको आयेशा शिवणाच्या मशीनवर खोळी शिवते. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. दोन बायका लेकीच्या लग्नाची गादी बघत होत्या, दाराशी टेम्पोवाला ओझं भरत होता.

"या पैलवान!" शमशेर म्हणाला. "बसा. कुनाला गादी?"

"मला," रंगुबाई पुढं झाली. "आन् म्या निजून बघनार हाय."

गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. भाऊसो कानाशी येऊन पुटपुटला, "अगं, लोकं बघत्यात."

"बघू द्यात. म्हस घ्याला बाजारात गेला की तिचं दात बघता, सड बघता, चालवून बघता. तवा न्हाई लाजत?"

आयेशा मशीनवरनं उठली. तिनं एका गादीवर धुतलेली चादर टाकली. "या मावशी."

रंगुबाई चप्पल काढून आडवी झाली. पदर नीट घेतला, पाय जुळवले, हात अंगासरशी, नजर छताला. भाऊसोला काय करावं ते कळेना. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि आडोसा करून उभा राहिला. एवढा मोठा गडी टॉवेल धरून उभा म्हणताना रस्त्यावरची माणसंही वाकून बघायला लागली. हजारो लोकांपुढं लंगोटावर लोळलेला पैलवान, बायको लुगड्यानिशी आडवी झाली तर कानापर्यंत लाल झाला.

"पैलवान, टावेल खाली घ्या," शमशेर म्हणाला. "तमाशा तुमीच मांडलाय."

आयेशा वाकून म्हणाली, "मावशी, घरात अशाच निजता?"

"छ्या. घरात डाव्या कुशीवर. पाय पोटाशी."

"मग तशाच निजा की."

रंगुबाई कुशीवर वळली. साक्षीनं कमरेखाली हात घातला, तो आरपार गेला. गादी कडक, कंबर लोंबकळती. दुसरीवर ढुंगणच आत रुतलं. "ही सांगलीवालीची भन हाय," रंगुबाई म्हणाली आणि उठली. तिसरी कापसाची, तिच्यात एक गाठ तिच्या बरगडीलाच लागली.

"ती नवी भरलीया, बसंल हळूहळू," शमशेर म्हणाला.

"ती बसंल तवर म्या उठायची न्हाई."

चौथी काथ्याची होती, वर बोटभर मऊ थर. रंगुबाई कुशीवर निजली. खांदा जरासा आत गेला, कंबर टेकली. साक्षीचा हात आत जाईना.

"आता डोळं मिटा," शमशेर म्हणाला. "घाई करायची न्हाई. म्या चा सांगतो, चा येईपतूर पडून ऱ्हावा. दाबून गादी कळत न्हाई मावशी, पडून कळती."

ती पडून राहिली. दुकानातले आवाज येत होते, बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता. झोप काही लागली नाही, लागणारही नव्हती. पण कमरेतला तो ताठा, जो दिवसरात्र मूठ आवळून बसलेला असायचा, तो बोट बोट सैल व्हायला लागला. चहा आला. ती कुशीवरनंच हातावर रेटा देऊन उठली, कुणाचा हात न घेता.

"हीच," ती म्हणाली.

लग्नाची गादी बघणाऱ्या बायकांतली एक म्हातारी पुढं सरकली. "बाई, म्या बी जरा निजून बघू का? माजंबी लय दुखतं."

"बघा की, आजी. माज्या बापाचं काय जातंय?"

म्हातारी निजली. मग तिची लेक निजली. शमशेर हसत बाहेर जाऊन टेम्पोवाल्याशी बोलत उभा राहिला. भाऊसोलाही मोह झाला, तोही चप्पल काढायला लागला. साक्षीनं त्याचा हात धरला. "मामा, तुमी नगा."

गादी एका माणसाची घ्यायची ठरली, तेव्हा भाऊसोनं विचारलं, "आन् म्या?"

"तुमाला हाय की सांगलीची. सगळी तुमाला. लोळा."

"गाव काय म्हनंल? म्हातारपनी येगळं निजायला लागली?"

"गावाला सांगा, माज्या कमरंत येऊन निज. मग बोल."

जुनी लोखंडी खाट पुसून भाऊसोच्या खाटंशेजारी लावली, मधी हातभर वाट. गावानं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. अंबूबाईनं तर विचारलं, "पैलवानाला खड्ड्यात एकट्याला सोडलंस?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन, दार लावून घेऊन, रंगुबाईच्या गादीवर अर्धा तास पडून गेली.

पहिले काही दिवस रंगुबाईला झोप लागली नाही. घरंगळायची एवढी सवय झालेली, की आपण जागच्या जागी आहोत ह्याचाच तिला चमत्कार वाटायचा. मग लागायला लागली. डॉक्टरनं दाखवलेले व्यायाम ती दात ओठ खात करायची. कंबर सगळी बरी झाली, असं नाही. गार वारं सुटलं की ती बोलतेच. पण भाकरी करपायची बंद झाली, आणि पहाटं साक्षीला हाक मारावी लागत नव्हती.

ठरल्याप्रमाणं हेडी आला. भाऊसो ओट्यावर बसून राहिला. सौद्याला रंगुबाईच गोठ्याच्या दारात उभी होती.

"एक घिऊन जा," ती म्हणाली. "ती कडंला बांधलेली म्हस, मोरी. तिघींचं मला आता झेपायचं न्हाई."

"सांगावा तर तिघींचा व्हता."

"सांगावा धाडनाऱ्याला म्हशीचं काय कळतंय? ह्या दोन इकायच्या न्हाईत."

हेडीनं भाऊसोकडं बघितलं. भाऊसोनं हात वर केले. "मालकीन ती हाय, गड्या."

धारेची वेळ झाली होती. साक्षीनं आणून ठेवलेला लाकडी पाट रंगुबाईनं ओढला, ती बसली, एका म्हशीची धार काढली. चरवी भरली. हेडी मोरीचं दावं सोडत होता. रंगुबाई एका गुडघ्यावर हात टेकून उठली, कमरेवर हात ठेवून जरा थांबली, श्वास घेतला आणि चरवी उचलून त्याच्याजवळ गेली.

"ती मोरी डाव्या अंगानं बसलं की लाथ मारती. आत्ताच सांगून ठिवती. मागनं तक्रार घिऊन यायचं न्हाई."