वाळ्यावर चढलेली काळी मखमल

“गेली...” दादा फोनवर एवढंच म्हणाला. माझी वहिनी, शालिनी, परभणीच्या घरी सकाळचा चहा पिता पिता गेली. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे सगळे तिच्याविषयी हळू आवाजात बोलतात आणि मला मनातून हसू येतं. या बाईला हळू आवाज ठाऊकच नव्हता! एका पानासाठी अख्खी गल्ली गोळा करणारी बाई ती. तिच्यावर लिहायचं तर जरा मोठ्यानंच लिहायला हवं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पेडगावहून कॉलेजसाठी परभणीला दादाकडे राहायला आले होते. दादा कचेरीत कारकून, त्याचं नुकतंच लग्न झालेलं, आणि वहिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचे वडील सिकंदराबादला रेल्वेत होते, त्यामुळे तिच्या मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ खुशाल नांदायचे. पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा ट्रंक दादाच्या हातात देऊन ती ओल्या फडक्यातलं काहीतरी लेकरासारखं छातीशी धरून स्टेशनातून बाहेर आली. मला वाटलं, खायचं काही असणार! सोडून पाहतो तर वेलीचा एक तुकडा. काळपट पानं... म्हणजे हिरव्यातच इतका गडद रंग मुरलेला, की सावलीत काळीच दिसावीत. आणि बोट लावलं तर थेट मखमल. तिच्या वडिलांनी व्हरांड्याच्या सावलीत वाढवलेली ती वेल. नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते मखमल म्हणत, म्हणून आम्हीही मखमलच म्हणू लागलो. दादा तेवढा म्हणाला, “लोकं झाड दारात लावतेत, ही बया खोलीत लावायलीय. अन् तेबी काळं भूत!”

पुढे काही महिन्यांत वहिनीचे वडील गेले. रेल्वेचं घर रिकामं करताना व्हरांड्यातली वेल कुणीतरी उपटून टाकली. आता त्या वेलीचं जगात जे काही उरलं होतं, ते आमच्या मधल्या खोलीत, तुपाच्या एका रिकाम्या डब्यात होतं. वहिनी हे कधी बोलून दाखवायची नाही, पण शाळेतून आली की चप्पल काढण्याआधी नजर डब्याकडे जायची.

नेमकं त्याच साली आमच्या घरानं पहिल्यांदा स्वतःचं शेत घेतलं. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या आईला तर आनंदानं पेडगाव पुरेना! एके दिवशी ती मोटारीनं परभणीला आली ती डोक्यावर मातीची पाटी घेऊनच. “घे सूनबाई, आपल्या सोताच्या रानातली हाय. कापूस डोक्याइतका येतो हिच्यात. तुझी वेल तर नुसती पळंल!” मी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. वडिलांनी तिला शिकवलं होतं, या वेलीला विटांचे तुकडे, कोळसा, पालापाचोळा द्यायचा, चिकट माती अजिबात नाही. पण परभणीच्या माणसासमोर काळ्या मातीला नावं ठेवायची कुणी? आणि ही तर घरच्या पहिल्या शेतातली माती. वहिनीनं चिमूटभर कपाळाला लावली आणि डबा काठोकाठ भरला.

मग लागली झड. मातीनं पाणी जे धरलं ते सोडीना. पानं पिवळी पडून एकेक गळू लागली. वहिनी रोज डब्यापाशी बसायची, पाणी तोडून पाहायची, पण माती बदलायची नाही. मी म्हटलं, आईला सांगून टाकू. तर मलाच दटावलं. तिच्या वडिलांची शेवटची खूण डोळ्यांदेखत चालली होती आणि सासूची माती तिला उपसवत नव्हती.

पुढच्या खेपेला आई आली, तिनं वेलीकडे पाहिलं आणि कुणाला न विचारता मातीत बोटं घातली. वेल मुळासकट वर काढली, मुळं नाकाशी धरली.

“कुजली,” आई म्हणाली. “तुला ठावं व्हतं?”

“हौ, आत्याबाई.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“तुमच्या रानाची माती... नक्को कशी म्हणू?”

आई एकदम कडाडली, “येडी हायस का गं! रान कुठं पळून जायलंय? तुझ्या बापाचं झाड एकलंच हाय!”

आणि सासू-सून दोघी रडल्या, आणि मीही.

पण रडत बसणाऱ्या त्या नव्हत्या! एक पेर तेवढं हिरवं राहिलं होतं. वहिनीनं ते ब्लेडनं कापून काचेच्या बरणीत पाण्यात ठेवलं, आईनं उंबऱ्यात बसून विटा फोडल्या. डब्यातल्या त्या काळ्या मातीत वहिनीनं दारात मोगरा लावला आणि तो असा माजला की येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगाला लागायचा. पेराला पांढरं मूळ फुटलं त्या दिवशी तिनं मला बरणी दाखवायला थेट कॉलेजच्या फाटकापर्यंत आणली होती!

पुढे परभणीचा उन्हाळा उभा होता, माणसं करपतील असा. वहिनीनं डबा रांजणाशेजारी, झिरपणाऱ्या पाण्यानं गार राहणाऱ्या वाळूत ठेवला. खिडकीला वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी मारायची आमच्याकडे पद्धतच होती. गेल्या सालची जुनी ताटी वहिनीनं सोडवली, बांबूला गुंडाळली आणि डब्यात रोवली. दुपारी खिडकीबरोबर बांबूवरही पाणी मारायचं. काय सांगू, वेलीनं पेरापेरातून मुळं सोडून तो ओला वाळा घट्ट धरला आणि सरसर वर निघाली! धरायला मिळालं तसं तिचं प्रत्येक पान आधीच्याहून मोठं यायला लागलं. पहिलं मोठं पान उलगडलं त्या सकाळी वहिनी ओरडली, “आलं! आलं!” शेजारपाजारच्या बायका पदर खोचून धावत आल्या, त्यांना वाटलं, पाहुणा आला की पाळणा हलला! समोर एक पान. नवं पान काळं नसतं, घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत असतं, चारदोन दिवसांत हळूहळू गडद होतं. वहिनीनं सगळ्यांना चहा पाजला. मग तो शिरस्ताच पडला... नवं पान आलं की हाक, आणि मोठ्या पातेल्यात आधण.

मखमलीवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची नाही, पान बिघडतं. त्यासाठी मऊ ब्रश हवा. एका सकाळी दादानं न्हाणीतून विचारलं, “माझा दाढीचा ब्रश कुठं गेला?” वहिनी शांतपणे म्हणाली, “नवा घ्या. हा आता मखमलचा.”

घरं बदलली, आई गेली, बांबू कितीदा बदलले. वेल लांबली की वहिनी शेंडा कापून पुन्हा लावायची. दादा मात्र वहिनी असेपर्यंत वेलीला काळं भूतच म्हणत राहिला. वहिनी गेल्यावर मी त्याला म्हटलं, तुला जमायचं नाही, मी नेते मखमल. तो उठून आत गेला. मला वाटलं, त्याला तिची फिकीर नसेल.

मागच्या आठवड्यात सकाळी फोन वाजला. दादाचं नाव पाहून मला आधी ते ‘गेली...’च आठवलं.

“नंदे, आलं!” दादा ओरडत होता. जन्मभर कचेरीच्या आवाजात बोललेला माझा दादा! “लवकर ये, रंग हाय तंवर!”

मी परभणीतच राहते, होते तशी रिक्षात बसले. दार उघडंच होतं आणि आतून ओल्या वाळ्याचा वास येत होता. मधल्या खोलीत शेजारच्या बायका तांबूस पानाभोवती उभ्या होत्या. दादा हातात तो जुना ब्रश घेऊन त्यांना बजावत होता, “हात नका लावू, अजून कवळं हाय.” आणि स्वयंपाकघरात त्यानं चहाचं आधण ठेवलं होतं... मोठ्या पातेल्यात.