फॉर्मवरचे आठ फूट

हे मी सुमनला सांगितलेलं नाही. सुमन माझी बायको, एकतीस वर्षांचा संसार, आणि माझ्या पोटात काही राहत नाही असा तिचा ठाम समज आहे. नांदेडला दिलेल्या माझ्या मुलीलाही सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या अक्काला कधी पाहिलं नाही, कदाचित म्हणूनच.

ऐकायला गोष्ट क्षुल्लक आहे. घरपट्टीतली सवलत. लातूरला आमच्या कॉलनीत विजेवरची पहिली गाडी माझी आली. मी विज्ञानाचा मास्तर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि गाडी आल्यापासून स्टाफरूममध्ये माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती. घरी चार्जिंगची पेटी बसवली की घरपट्टीत सूट मिळते, हे मीच सगळ्यांना फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं होतं. अर्ज मार्च संपायच्या आत द्यायचा. सोबत पेटीचं बिल, वायरमनच्या सहीचा दाखला, आणि अर्थिंगच्या खड्ड्याजवळ घरमालक उभा आहे असा फोटो. फॉर्मवर एक रकाना होता — खड्ड्याची खोली, किमान आठ फूट. ती सूट मिळाली नसती तर माझं काही अडलं असतं का? काही नाही. फक्त लोकांना सांगून बसलो होतो.

शेवटचा दिवस उजाडला तरी खड्डा झालेला नव्हता. गडी येतो म्हणाला आणि आलाच नाही. सुमन मुलीच्या बाळंतपणासाठी नांदेडला, अक्का दोन दिवस एका लग्नासाठी मुखेडला. घरात मी एकटा. मीच कुदळ घेतली. वर काळी माती, ती सहज निघाली. दोन फुटांवर मुरूम लागला आणि कुदळ टणटण वाजायला लागली. हाताला फोड आले. तास-दीड तास झटलो असेन, मुरुमाचा टवका उडेल तर शपथ.

मग मी हॅक्सॉ घेतला आणि पाईप कापला.

खड्ड्यात पुरायचा आठ फुटांचा पाईप दोन फुटांचा केला. उरलेला तुकडा कोठीत, जुन्या पत्र्यांमागे. दोन फुटांचा पाईप मुरुमावर उभा केला, भोवती मीठ-कोळसा भरला, वर सिमेंटचं झाकण. बाहेरून पाहिलं तर नमुनेदार अर्थिंग! तीस वर्षं मी मुलांना शिकवत आलो, की पाईप ओलाव्यापर्यंत खोल गेला पाहिजे, नाहीतर अर्थिंग नुसतं नावाला. आकृती नीट काढली नाही म्हणून मी पोरांचे मार्क कापलेत.

बसवराज दुपारी आला. उदगीरचा, माझाच विद्यार्थी, आता परवानाधारक वायरमन. झाकण उचलून त्यानं वर आलेल्या तोंडाला वायर जोडली आणि विचारलं, "सर, खाली पूर्ण गेलाय ना पाईप?"

"आठ फूट," मी म्हणालो.

"सर म्हणतेत म्हणजे झालं." आणि त्यानं सही केली. मी त्याला चहा दिला. साखर फार पडली होती. अक्का मुखेडला गेलीय, आज चहा माझ्याच हातचा, सांभाळून घे, असं मी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. तो हसला होता. मग त्यानंच माझा फोटो काढला, झाकणाशेजारी, छाती पुढे. अर्ज वेळेत गेला. रकान्यात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं — आठ फूट.

एप्रिल लागला, माती वाळली, तडकली, आणि पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला. अर्थिंग मिळत नसलं की ती पेटी गाडीला वीज देत नाही. झाकणाखाली बादलीभर पाणी ओतलं की दिवा हिरवा होई, दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. मला कारण ठाऊक होतं. अक्काला नव्हतं.

अक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. पेटीचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. पहाटे उठून दिवा बघायची. "बापू, तुझी गाडी तान्हेली हाय बग," म्हणायची, आणि बादली उचलायची. लातूरचं पाणी तुम्हाला माहीत असेल; नळ आठ-आठ दिवस येत नाही. ती स्वतःच्या आंघोळीचं पाणी राखून ठेवायला लागली. एक दिवसाआड आंघोळ, मग दोन दिवसांआड. सुमन नांदेडहून परत आल्यावर चिडली, तर म्हणाली, "म्हातारीला काय लागतंय पानी? पोराला साळंत जायचं हाय."

पोर म्हणजे मी. छप्पन्न वर्षांचा.

मी काय केलं असेल? खणायचं मशीन बोलावून एका दुपारी खड्डा खोल करून घेता आला असता. पण मशीन आलं की झाकण निघणार, पाईप निघणार, सुमन विचारणार. मी अक्काला म्हणालो, उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी लागतंच. तेही पुरतं खोटं नव्हतं. अर्धी खरी वाक्यं मला चांगली जमतात.

मेमध्ये, सकाळी साडेसहाला, ती झाकणापाशी घसरली. रोज पाणी पडून तिथली काळी माती साबणासारखी झाली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. तीन महिने पलंगावर, मग छातीत कफ झाला. शाळेतून आलो की माझ्याकडे बघून विचारायची, "बापू, गाडीला पानी घातलं का?" मी म्हणायचो, घातलं. घालतही होतो. श्रावणात ती गेली.

इथपर्यंतचं तुम्ही अपघात म्हणून सोडून द्याल. सगळ्यांनी तसंच म्हटलं. मला जे सांगायचंय ते याच्या पुढे आहे.

तेराव्यानंतर बसवराज आला. सोबत मशीन घेऊनच. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की अक्का अर्थिंगला पाणी घालताना पडली. तो पार खचला होता. "सर, माझंच काय तरी चुकलं असंल. मी न मोजताच सही केली." मी नको नको म्हणत होतो, तोवर त्यानं झाकण सरकवलं आणि पाईपला हात घातला. पाईप एका हिसक्यात वर आला, मुळा उपटल्यासारखा. खालच्या टोकाला हॅक्सॉचे दात स्पष्ट दिसत होते.

सुमन तिथं होती. मुलगी होती, कडेवर बाळ. त्या दोघी आणि बसवराज, तिघंही माझ्याकडे बघत होते.

आणि मी म्हणालो, "अक्कानं केलं असेल. खड्डा खणला त्या दिवशी मी शाळेत होतो, गड्यापाशी तीच उभी होती. ऊन फार होतं, दया आली असेल त्याची, अर्ध्यावरच मोकळा केला असेल त्याला."

वाक्य सहज आलं. अडखळलो नाही. सुमननं पदर डोळ्यांना लावला आणि रडता रडता हसली — अक्काच ती, परक्याच्या उन्हाचीसुद्धा काळजी. मुलगीही हसली. बसवराज तेवढा हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला तो चहा आठवत होता. ती साखर. अक्का कुठे होती ते.

मग मान खाली घालून म्हणाला, "सर म्हणतेत म्हणजे झालं."

त्यानं नवा खड्डा केला, पूर्ण आठ फूट, मला वाकून बघायला लावलं, आणि पैसे घेतले नाहीत. चहालाही थांबला नाही. त्यानंतर तो आमच्या घरी आलेला नाही. रस्त्यात भेटला तर नमस्कार सर म्हणतो, पूर्वीसारखाच.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दिवा हिरवाच असतो. घरपट्टीत सूट दरवर्षी मिळते. अक्काच्या श्राद्धाला मुलगी ती गोष्ट सांगते — आमच्या आत्यानं गड्याच्या दयेपोटी पाईप अर्धाच घालू दिला आणि त्यावरच घसरून पडली. नातीलाही पाठ झालीय. मागच्या खेपेला तिनंच सांगितली, आई काढते तशा आत्याआजीच्या आवाजात, आणि सगळे हसले. मीही हसलो. पानावर भात तसाच राहिला.

गडी आलाच नव्हता. अक्का मुखेडला होती. पाईपचा सहा फुटांचा तुकडा अजून कोठीत आहे, पत्र्यांमागे. कापणारा मी होतो.