स्लॅबवरची माती

लातूरला घर बांधलं तेव्हा मायची एकच अट होती, डोक्यावर माती नको. गावाकडच्या आमच्या घराला माळवद होतं, म्हणजे लाकडांवर जाड माती चोपून केलेलं छत. भूकंपात ते बसलं आणि माझा धाकटा भाऊ त्याखाली गेला. माय आणि मी अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो.

एवढं असूनही मी सिमेंटच्या स्लॅबवर भाजीपाला लावलाच. अर्धे कापलेले ड्रम, रंगाच्या रिकाम्या बादल्या, त्यांत वांगी, टोमॅटो, भेंडी. माय भाजी आवडीनं खायची, पण जिना कधी चढली नाही. "लई वज्जं करून ठेवलीस बाई डोक्यावर," एवढंच म्हणायची. मी ते हसण्यावारी न्यायचे. खरं म्हणजे भीती मलाही वाटायची. छताला बारीकशी चीर दिसली की ती जुनी की नवी, हे बघत मी खालून मान वर करून उभी राहायचे.

उन्हाळ्यात झाडं संपली की मी माती फेकत नाही. विकतच्या मातीत निम्मे खडेच निघतात. जुनीच माती ओतायची, मुळं वेचायची, ताडपत्रीवर पसरून उन्हात तापवायची, मग शेणखत आणि निंबोळी पेंड कालवून परत भरायची. यंदा माती पसरलेली असतानाच आभाळ भरून आलं. भिजली तर सगळी मेहनत वाया, म्हणून घाईघाईनं एका कोपऱ्यात ओढून ढीग केला आणि वर ताडपत्री टाकली. खाली आल्यावर लक्षात आलं, तो कोपरा मायच्या खोलीवरचा. सकाळी हलवू म्हटलं.

सकाळी चहा ठेवला आणि जमिनीतून गुरगुर ऐकू आली. आमच्याकडे असे आवाज अधूनमधून होतात, लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. पण या वेळी मांडणीवरची ताटं वाजली. डोळ्यांपुढं तो ढीग आणि त्याखाली मायची खाट. हाका मारत तिच्या खोलीत गेले, तर खाट रिकामी. बाहेर शेजारीपाजारी जमले होते, त्यांच्यातही ती नव्हती. मग वरून ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.

माय ढिगापाशी गुडघे टेकून बसली होती. मला वाटलं, वजन कमी करायला माती लोटतेय.

"माय, राहू दे. थांबलं ते."

तिनं वर पाहिलं नाही. ती माती लोटत नव्हती, दोन्ही हातांनी उकरत होती. नखांतून रक्त आलं होतं.

"तू तिकडून उकर," ती म्हणाली. "जीव असंल त्याच्यात अजून."

मी तिच्यासमोर बसले आणि तिकडून उकरायला लागले.