तिमाहीला तीन उल्का

कुमुदिनी शिरसाट यांनी तेहेतीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षं त्या करोल बागेच्या मागे, मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजाराला लागून असलेल्या एका छोट्या सरकारी केंद्रात बजेट सेक्शन सांभाळत होत्या. केंद्राचं काम एकच होतं. देशात कुठे आकाशातून उल्का पडली तर तिथं माणसं पाठवायची, तो दगड ताब्यात घ्यायचा, तपासायचा आणि जपून ठेवायचा. दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत बाई शेजारी म्हणून सगळ्यांना माहीत होत्या, पण त्या नेमकं काय करतात हे कुणालाच सांगता येत नसे. त्यांची दिल्लीत वाढलेली मुलगी रसिका “आई स्पेसमध्ये आहे” म्हणून वेळ मारून न्यायची. एकदा कुमुदिनीबाईंनी तिला सांगितलं की जमिनीवर पडलेल्या उल्केला मराठीत अशनी म्हणतात. तेव्हा रसिकाने विचारलं, “म्हणजे ती नागपूरवाली मावशी?”

सरकारी बजेट फेब्रुवारीत संसदेत वाचलं जातं, पण त्याचं काम सप्टेंबरातच सुरू होतं. मंत्रालयाकडून तक्ते येतात. या वर्षी खरोखर किती लागणार ते सुधारून सांगा, आणि पुढच्या वर्षी किती लागेल त्याचा अंदाज द्या. मग मंत्रालयाचा वित्त विभाग त्यातून कापतो, त्यांच्या वरचे त्यातून आणखी कापतात आणि जे उरतं ते संसदेपुढे जातं. कुमुदिनीबाईंना हे पाठ होतं. पण त्या वर्षी तक्त्यात एक नवा रकाना आला: अपेक्षित उल्का, तिमाहीनुसार.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मंत्रालयात नीरज भाटियांना फोन लावला. भाटिया वित्त विभागातले अधिकारी, स्वभावाने गोड आणि कात्रीला धारदार.

“सर, उल्का कधी पडणार हे मी कसं सांगू?”

“मॅडम, अंदाजच तर मागितलाय. नावच अंदाजपत्रक आहे.”

“पण ती आपल्या हातात नाही ना.”

“बजेटमधलं काय आपल्या हातात असतं?” भाटिया म्हणाले. “लक्ष्य नसेल तर पैसे कशासाठी द्यायचे, हे मी वर कसं समजावू?”

कुमुदिनीबाई संचालकांकडे गेल्या. डॉ. अलकनंदा नेगी मूळच्या गढवालातल्या पौडीच्या. आयुष्यभर दगडांवर काम केलेल्या. त्या म्हणाल्या, “खरं सांगायचं तर वर्षाला एखादी हाती लागते. कधी दोन-दोन वर्षं काहीच नाही.” मग बाईंनी मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘एक’ भरला. पोर्टल म्हणालं, चारही तिमाह्या भरा. त्यांनी पाव-पाव भरली. पोर्टल म्हणालं, अपूर्णांक चालत नाही. तेवढ्यात भाटियांचाच फोन आला. “मॅडम, एका उल्केसाठी अख्खं केंद्र? हे वर गेलं तर तुमच्या बिल्डिंगला कुलूप लागेल. तिमाहीला तीन करा, बिल्कुल ठीक दिसतं.”

तर वर्षाच्या बारा उल्का ठरल्या. त्यानंतर लक्षात आलं की दहा टक्के खर्च ईशान्य भारतासाठी राखून ठेवावा लागतो, म्हणजे तिथं एक पूर्णांक दोन दशांश उल्का पडायला हवी. ती राउंड करून दोन झाली. फाईल वर गेली. फेब्रुवारीत मंजुरी आली तेव्हा पैसे एक तृतीयांशावर आले होते. पैसे कापताना लक्ष्य कापायचं मात्र राहून गेलं. उल्का बाराच राहिल्या.

एप्रिल ते जून काही पडलं नाही. जुलैत पत्र आलं: आपलं केंद्र लाल यादीत आहे, खुलासा करावा. बाईंनी लिहिलं की उल्का पडणे ही बाब या कार्यालयाच्या नियंत्रणाबाहेरची आहे. उलट टपाली प्रश्न आला, नियंत्रणाबाहेरची बाब लक्ष्यात का घेतली? त्यांनी जुनी फाईल काढून उत्तर दिलं, की आपल्याच तोंडी सूचनेनुसार. त्यावर उत्तर आलं नाही, बैठक आली.

बैठकीत पंधरा माणसं होती. एकाने उल्कांचा वेग वाढवण्यासाठी जनजागृती मोहीम सुचवली. दुसऱ्याने विचारलं की मागे पडलेली लक्ष्यं शेवटच्या तिमाहीत भरून काढता येतील का. डॉ. नेगी खिडकीबाहेर बघत होत्या. कुमुदिनीबाईंनी हे सगळं इतिवृत्तात उतरवून घेतलं, कारण ते त्यांचं कामच होतं. त्या दिवशी घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, “सूर्यकांत, मला हसू पण येईना हो. मी खरंच विचार करायला लागले, डिसेंबरात किती पडू शकतील.”

सूर्यकांतराव रेल्वे बोर्डातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “आमच्याकडे निदान गाड्या यायच्या तरी.”

सप्टेंबरही कोरडा गेला. ऑक्टोबरात भाटियांनी सरळ हिशेब मांडला. सहा महिन्यांत शून्य, तर उरलेल्या सहा महिन्यांतही शून्यच. प्रवासासाठी ठेवलेले पैसे परत घेतले आणि सुधारित लक्ष्य शून्य केलं. फक्त ईशान्येच्या पैशांना हात लावता येत नव्हता, ते तेवढे राहिले.

नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी केंद्राचा फोन वाजला. पानिपतहून सतपाल नावाचे गृहस्थ बोलत होते. त्यांचं ब्लँकेटचं गोदाम होतं. “मॅडमजी, पत्रा फोडून काहीतरी आत आलंय. अकरा कंबल फाडून बाराव्यावर थांबलंय. पोलीस म्हणतात आमचं खातं नाही. तुमचं आहे का?”

कुमुदिनीबाईंकडून हे कळताच डॉ. नेगी खुर्चीतून उठल्याच. फोटो मागवला, बघितला आणि त्यांचा आवाजच बदलला. “खरी आहे. वरचा काळा थर बघा.” पण जायचं कोणी? डॉ. नेगींना दिल्ली सोडायला मंत्रालयाची परवानगी लागायची आणि ती आठ दिवसांच्या आत कधी आली नव्हती. दुसरे शास्त्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बायकोबरोबर गावी होते. प्रवासाचे पैसे होते ते फक्त गुवाहाटीला जाण्यासाठी.

कुमुदिनीबाईंनी किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. त्यांच्यासारख्या सेक्शन ऑफिसरला स्वतःच्या रजेत, स्वतःच्या पैशाने पानिपतला जायला कुणाची मनाई नव्हती.

“चाललीस पानिपतला,” दुसऱ्या दिवशी डबा भरताना सूर्यकांतराव म्हणाले, “बघ बाई, तुझं पानिपत होऊ देऊ नकोस.”

गोदामाबाहेर जत्रा भरली होती. सतपालजींनी कोपऱ्यात उदबत्ती लावली होती आणि लोक दुरून नमस्कार करत होते. कुमुदिनीबाई आत गेल्या. बाराव्या ब्लँकेटच्या खळग्यात नारळाएवढा काळा दगड बसला होता. नऊ वर्षं ज्या गोष्टीचे तक्ते भरले ती त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटाबाहेर पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी हात लावला. त्यांना वाटलं होतं ऊन लागेल, तो चक्क गार होता. उचलायला गेल्या आणि वजनाने मनगट खाली गेलं. त्या तशाच बसून राहिल्या.

“असली आहे ना?” सतपालजींनी हळूच विचारलं.

“असली आहे,” त्या म्हणाल्या.

सतपालजींना पावती हवी होती. बाईंनी रजेच्या अर्जाच्या पाठीमागे लिहून दिलं: आकाशातून आलेला दगड, एक, सुस्थितीत मिळाला. सतपालजींनी फाटलेल्यांपैकीच एक ब्लँकेट दगडाभोवती गुंडाळून दिलं. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईने मांडीवरचं गाठोडं नातू समजून विचारलं, “पोता है?” कुमुदिनीबाई म्हणाल्या, “नहीं, पत्थर है.” ती बाई जरा सरकून बसली.

खरी अडचण पुढेच होती. लक्ष्य शून्य, साध्य एक. पोर्टल टक्केवारी काढायला गेलं की बंद पडायचं. भाटियांचा फोन आला.

“मॅडम, ती एप्रिलमध्ये पडली असं करूया? नव्या वर्षात बसेल.”

“सर, सतपालजींच्या पत्र्याला भोक नोव्हेंबरात पडलंय.”

“मग ईशान्येत दाखवू. पानिपत दिल्लीच्या उत्तरेला आहेच, थोडं पूर्वेला सरकवलं तर...”

“पश्चिमेला आहे, सर.”

“यार, तुम्ही तिला आणलीच कशाला?” भाटिया कळवळून म्हणाले.

कुमुदिनीबाई एवढी वर्षं कुणाला उलटून बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “सर, केंद्र त्याचसाठी आहे.”

शेवटी पोर्टलवर ‘लक्ष्य न गाठल्याचे कारण’ या चौकटीत त्यांनी लिहिलं: उल्का पडली. ते स्वीकारलं गेलं.

पुढच्या मार्चमध्ये संसदीय समितीसमोर केंद्राच्या मागण्या आल्या. सदस्यांनी उल्केचं कौतुक केलं आणि मग विचारलं की ती हरियाणातच का पडली. बाकीच्या राज्यांवर अन्याय का? बैठकीनंतर पत्रांचा ओघ सुरू झाला. प्रत्येकाला आपल्या मतदारसंघात एक उल्का हवी होती, एकाने तर जागाही सुचवली होती. ‘विचाराधीन आहे’ असं छापील उत्तर पाठवायची पद्धत होती. पण बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांनी प्रत्येक पत्राला खरं उत्तर लिहिलं: उल्का कुठे पडेल हे आम्हाला ठरवता येत नाही. आपल्या भागात काही पडल्याचं कळलं तर या नंबरवर फोन करावा. खाली स्वतःचा मोबाईल नंबर घातला. डॉ. नेगींनी न वाचता सह्या केल्या, किंवा वाचून केल्या. बाईंना ते कधी नक्की कळलं नाही.

जूनअखेर त्या निवृत्त झाल्या. ऑगस्टमध्ये राजस्थानातल्या बाडमेरजवळच्या एका शिक्षिकेचा फोन आला, अंगणात काळा दगड सापडलाय म्हणून. कुमुदिनीबाई आणि सूर्यकांतराव रात्रभराचा प्रवास करून गेले. तो पिठाच्या जुन्या गिरणीच्या जात्याचा तुकडा निघाला. शिक्षिका फार ओशाळली. बाईंनी तिला उल्केचा काळा थर कसा ओळखायचा ते नीट समजावून सांगितलं. दोघं तिच्याकडे जेवले आणि बाजरीची भाकरी फार छान होती असं सूर्यकांतराव अजून सांगतात.