तीसच्या रस्त्यावर छप्पन

आमच्या वस्तीत चाळीसेक घरं आहेत, एक बंद पडलेली बेकरी आहे आणि एक पिवळी टपालपेटी आहे. सरपंच नाही, कचेरी नाही. आमचा कारभार सहा किलोमीटरवरचं एक गाव बघतं. बघतं म्हणजे कचरा उचलून नेतं, आणि अधूनमधून रस्त्याच्या कडेला वेग मोजणारी करडी पेटी आणून ठेवतं. त्या पेटीनं गेल्या हिवाळ्यात माझा फोटो काढला.

फोटो उत्तम आला होता, हे आधी सांगून टाकतो. पारपत्रापासून लग्नापर्यंत सगळ्या फोटोंत मी चोरासारखा दिसतो. इथे मात्र डोळ्यांत चमक, तोंड उघडं, उजवा हात हवेत, डोक्यावर मरून माकडटोपी. शेजारच्या सीटवर काळा चौकोन. शेजारी बसलेल्या माणसाचा काही दोष नसतो, म्हणून जर्मन लोक त्याचा चेहरा झाकून टाकतात. त्या चौकोनाखाली माझे सासरे होते.

पत्राचा सूर फार सभ्य होता. आपल्या गाडीचा वेग तीसच्या रस्त्यावर छप्पन होता. गाडी आपणच चालवत होता का? नसल्यास कोण? गाडी कुणाची आहे याला या देशात महत्त्व नाही, ती चालवत कोण होतं ते सांगायचं. मी पत्र हातात धरून स्वयंपाकघरात उभा होतो आणि टेबलापाशी सासरे लसूण सोलत बसले होते.

"काय आलंय?"

"काही नाही बाबा, जाहिरात."

"जाहिरातीत तुमचा फोटो?"

सासऱ्यांचं वय एकाहत्तर. एकतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली, घाटात, पावसात, लग्नसराईत. एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते अजूनही बाहेर जाताना खिशात ठेवतात. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले तेव्हा आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला होता, आणि सोबत दोन माकडटोप्या, एक स्वतःला, एक मला, एकाच दुकानातल्या. मिशाही दोघांच्या सारख्याच पिकलेल्या. हे सगळं पुढे उपयोगी पडेल असं मला त्या क्षणी फार वाटलं.

कारण माझी अडचण मोठी होती. या देशात ड्रायव्हरच्या चुका उत्तरेला फ्लेन्सबुर्ग नावाच्या गावात नोंदवून ठेवतात. तिथे माझ्या नावावर मे महिन्यातली एक नोंद आधीच होती, हायवेवरची. एका वर्षात दोनदा सव्वीसनं वेग ओलांडला की महिनाभर गाडी बंद. वस्तीत बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि तीही शाळेच्या वेळेला. माझं ऑफिस वाल्डॉर्फला, पंचवीस किलोमीटर. बायकोकडे लायसन्स नाही. ती लेखी परीक्षा पास झाली आणि म्हणाली, घरात गाडी चालवणारा एक नट पुरे. ती सायकलनं बालवाडीत शिकवायला जाते.

हे सगळं मी सासऱ्यांना सांगितलं. अगदी रंगवून. महिनाभर मी शेतातून पायी चाललोय, बर्फात बूट रुततायत, ऑफिसात माझी खुर्ची दुसऱ्याला दिलीये, असा सगळा प्रवेश.

त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "मे महिन्यातलं तिला माहीत आहे?"

"नाही."

"का?"

"विषय निघाला नाही."

"तुमच्या घरात विषय निघत नाही? नवल आहे." मग हात पुसत म्हणाले, "असं करा जावईबापू, माझं नाव लिहा. टोपी सारखी, मिशी सारखी. मी सहा आठवड्यांनी जाणार. माझं इथे काय वाकडं करतील?"

मला खोटं वागायचं नव्हतं, असं मी आता लिहिलं तर ते खोटं होईल. मी लगेच पेन शोधलं. हा गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं, पण आपल्या माणसांत एवढं चालतं, अशी एक जुनी सवय मनात बसलेली असते. घरातल्या घरात कुणीतरी आपल्या अंगावर घेतं, दुसरा सुटतो, रात्री जेवताना दोघं एकमेकांना वाढतात. आमच्याकडे कुटुंब चालतं ते असंच.

"बघू तरी मी कसा दिसतो," म्हणून सासऱ्यांनी चष्मा लावला आणि फोटो खिडकीजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले.

"हा हात कुठे आहे?"

"परीक्षकाची नक्कल करत होतो. मला ड्रायव्हिंगला तिसऱ्यांदा नापास करणारा. तो असा बोट वर करून..."

"आठवतंय. मी हसत होतो." फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. "हसायला नको होतं."

मी पेनाचं टोपण काढलं.

"वेग मी घेतो," ते म्हणाले. "पण हा हात मी घेणार नाही. आणि मान बघा तुमची. सगळी माझ्याकडे वळलीये. तुम्ही रस्त्याकडे बघतच नाही आहात. हा फोटो पण त्या दप्तरात जातो?"

"जात असेल."

"मग नको. वेगाचं एक असतं, उतार होता म्हणता येतं, उशीर झाला होता म्हणता येतं. असा बसलेला मी? अहो, मेल्यावरसुद्धा असा बसणार नाही."

मी मनधरणी केली. ते खूप बारकाईनं बघतात असं नाही, म्हणालो. बिल्ला राहीलच ना तुमच्याकडे, म्हणालो. त्यांनी वाटी पुढे ओढली आणि पुन्हा लसूण सोलायला लागले. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बायको आली, नाक थंडीनं लाल, हातात हेल्मेट.

"काय शिजतंय दोघांचं?"

आम्ही दोघांनीही लसणाकडे बघितलं. तिनं सरळ फोटो उचलला. टोपीचा, मिशीचा काही म्हणून गोंधळ झाला नाही.

"कुठली गोष्ट चालली होती?"

"परीक्षकाची," सासरे म्हणाले.

"परत?"

मग पत्र वाचून झालं, मे महिना बाहेर आला, सासऱ्यांचं 'माझं नाव लिहा' हेही बाहेर आलं. ती ओरडेल असं मला वाटत होतं. ओरडणाऱ्या माणसासमोर मी बरा असतो, उत्तरं सुचतात. ती मात्र अंगावरचा कोट न काढताच बसली.

"ही पेटी त्या वळणावर का ठेवतात, आठवतंय तुला? मुलं तिथे सकाळी शाळेच्या बसला उभी असतात, आपली मुलगीही. शेजारच्या बाईंनी अर्ज केला होता. वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत त्यावर." ती माझ्याकडे बघत होती. "तुझी दुसरी आहे. तू तेव्हा पेन घेऊन घरोघर फिरलास. काय भाषण केलंस तू त्या दिवशी!"

केलं होतं खरं. बेकरीच्या पायरीवर उभं राहून केलं होतं.

त्या संध्याकाळी मी 'होय, मीच' या चौकटीत खूण केली. बंदीचा महिना कुठला ते चार महिन्यांच्या आत आपण निवडायचं असतं. मी सासऱ्यांच्या मुक्कामाचा शेवटचा महिना निवडला आणि लायसन्स रजिस्टर्ड पोस्टानं पाठवून दिलं. मग महिनाभर रोज सकाळी माझ्या सासऱ्यांनी मला ऑफिसला सोडलं आणि रोज संध्याकाळी न्यायला आले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान सरळ.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. "गाडी चालू असताना चालकाशी बोलायचं नाही. लाल गाडीत पाटी असायची."

"काहीच नाही?"

"डावीकडे, उजवीकडे, एवढं चालेल."

पंचवीस किलोमीटर जायला आणि पंचवीस यायला. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला हे किती जड गेलं ते सांगूनही कुणाला कळायचं नाही. पहिला आठवडा मी गोष्टी तोंडातल्या तोंडात चघळत बसलो. दुसऱ्या आठवड्यात कंटाळून बाहेर बघायला लागलो. आमच्या वळणाजवळच्या शेतात एक घोडा आहे, पांढऱ्या पायांचा. अकरा वर्षं मी त्या रस्त्यानं जातोय आणि तो घोडा मी पहिल्यांदा बघितला. वळणावर मुलं उभी असायची, त्यातल्या एकीच्या दप्तराला दिवा होता. माझी मुलगीही तिथेच, मैत्रिणीकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून. तिथे सासरे पंचवीसवर यायचे. मागचा माणूस दिवे मारायचा. ते आरशात बघायचे आणि पंचवीसच ठेवायचे.

लायसन्स परत यायला पाच दिवस होते तेव्हाची एक संध्याकाळ. दाट धुकं होतं. दारात गाडी लागली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद झालं. ते उतरले नाहीत. मीही बसून राहिलो.

"आता बोलायला हरकत नाही," मी म्हणालो.

"मीच बोलतो." ते समोरच्या काचेकडे बघत होते. "लोकांना वाटतं, एकतीस वर्षं याला काही झालं नाही म्हणजे हा मोठा निर्भय. जावईबापू, मला रोज भीती वाटायची. रोज. स्टँडवरून गाडी काढताना, दर वेळी. कुणालाच सांगितलं नाही. चालकाला भीती वाटते म्हटल्यावर गाडीत बसेल कोण?"

माझ्याकडे या जागी टाकायला तीन तरी वाक्यं होती, त्यातलं एक बऱ्यापैकी विनोदी. एकही टाकलं नाही. धुक्यात घोडा दिसत नव्हता, फक्त वळणाकडून त्याच्या खुरांचा आवाज येत होता. बॉनेट थंड होताना टकटक करत होतं.

काचेवर बोटं वाजली. बायको उभी होती, खांद्यावर शाल.

"उतरताय, की ताटं इथेच आणू?"

"येतो," सासरे म्हणाले, आणि हँडब्रेक नीट लागलाय ना ते त्यांनी पुन्हा एकदा ओढून बघितलं.