सगळ्यांना झालं, तान्ह्याला का नाही?

मंगळवारी आम्ही नंदुरबारला पणतीला गोवर, रुबेला आणि गालगुंडाची लस द्यायला गेलो होतो. नववा महिना पुरा झाला की द्यायची म्हणे. मला कुठलं गप्प बसवतंय... डॉक्टरीणबाईंना विचारलंच, अहो, एवढं थांबता कशाला? जन्मल्याबरोबर टोचून मोकळं का होत नाही?

त्या हसल्या. म्हणाल्या, आजी, आईकडून आलेली रोगाशी लढायची ताकद बाळाच्या रक्तात काही महिने टिकते. ती असताना लस दिली तर तीच लसीला हुसकावून लावते, मग लस अंगी लागत नाही.

अगं बाई! माझं डोकं थेट पन्नासच्या दशकात गेलं...

मी शाळकरी होते. तापीकाठच्या आमच्या गावात गालगुंडाची साथ आली. लसबिस कुठली तेव्हा! एका पोराला झालं की बाकीच्यांना मुद्दाम त्याच्या अंथरुणात निजवायचं, सगळ्यांचं एकदाच उरकलं म्हणजे सुटलो, अशी रीत. आम्ही भावंडं गालांना गेरू फासून ओळीने पडलेलो... एकमेकांची थोबाडं बघून हसू यायचं, आणि हसलं की जबडा असा ठणकायचा!

धाकटा भाऊ तान्हा होता, अंगावर पिणारा. आजीने फर्मान काढलं, "याले बी निजाड त्यासनाजोडे, एकडाव व्हई जाऊ दे." आईने निजवला, पण तिचा जीव राहीना, थोड्या वेळाने उचलून घेतला. आम्ही सगळे सुजलो. हा पठ्ठ्या ठणठणीत.

साठचं दशक सरता सरता, मिसरूड फुटल्यावर, त्यालाच गालगुंड झालं. गालांवर थांबलं नाही, खाली उतरलं. मोठ्या वयात पुरुषांना होतं तसं कधी कधी. पोरगा तापाने फणफणलेला, लाजेने कुणाला सांगेना. याला पुढे मूलबाळ होईल का, या काळजीने घर सुन्न झालं. त्यात आजी आईला म्हणाली, "तूच उचली लिधं त्याले!"

आईने ते मनाला लावून घेतलं. भावाला पुढे दोन मुली झाल्या, तरी ती शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली. फार वाईट वाटायचं मला.

हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्या आईला लहानपणी गालगुंड झालं होतं का? झालं होतं की, शहाद्याला, माहेरी. मग त्या म्हणाल्या, "आजी, उचललं नसतं तरी बहुधा झालं नसतं. आईचीच ताकद आडवी आली असणार."

तिकडे पणती सुई टोचली म्हणून रडतेय आणि इकडे मी...

बाहेर येऊन भावाला फोन लावला, सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, हाई मायले सांगाले पाहिजे व्हतं."