कमळच्या बैठकीचं चित्र

मुठा गावच्या रामदासला काहीही समजावून सांगायचं म्हटलं की दोन्ही हात लागत. "येवढं उंच, असं वाकडं, हितनं आत," म्हणत तो हवेतच वस्तू उभी करायचा आणि ऐकणारा बापडा मान डोलवायचा. गावातल्या वेल्डरनंही अशीच मान डोलवली आणि भातलावणीसाठी सांगितलेल्या, चिखलात सरकणाऱ्या बसक्या बैठकीऐवजी शाळेच्या बाकाएवढं उंच धूड करून दिलं. त्यावर बसलं की कमळचे पाय लोंबकळत.

कमळ ही त्याची बायको. गुडघ्यानं दगा दिला आणि गेल्या साली तिची भातलावणी चुकली. बायका खाचरात गाणी म्हणत रोपं लावत होत्या आणि ही बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या पुढं करत होती. त्या दिवसांत तिला जेवण जात नव्हतं. या लावणीला तिला खाचरात न्यायचंच, असं रामदासनं मनाशी धरलं.

पुण्याजवळ सूसला राहून डिझाइन शिकणारी पुतणी जुईली रविवारी आली, तेव्हा त्यानं कागद-पेन्सिल पुढं केली. "मला चित्र काढाया शिकीव."

पहिल्या कागदावर बैठकीचा एक पाय काढला आणि कागद संपला. गड्यानं माप एकास एक धरलं होतं! "दुसरा कागुद दे, जोडू," तो म्हणाला. जुईली हसून बेजार. "काका, सगळंच सारख्या प्रमाणात लहान करायचं." दुसरी खोड रेघेची. नांगर दाबावा तशी पेन्सिल दाबून तो कागद फाडी. "आधी हलकी रेघ. चुकली तरी बिघडत नाही. पटली की मग गडद." तीच बैठक समोरून, बाजूनं आणि वरून अशी तीनदा का काढायची, हे पटायला दोनदा चहा झाला.

"आणि उंची किती?" जुईलीनं विचारलं.

रामदासचा हात हवेत गेला आणि तिथंच थांबला. त्याला ठाऊकच नव्हतं.

"मग आधी बघा. काढण्यापेक्षा बघणंच जास्त असतं यात."

त्यानं कमळला पाटावर बसायला लावलं, उठायला लावलं, पुन्हा बसायला लावलं. बसताना ती डावा हात भिंतीला लावत होती, उजवा पाय सरळच ठेवत होती आणि ओठ दाबून धरत होती. इतकं दुखतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं हलकी रेघ ओढली, खोडली, पुन्हा ओढली. उजव्या पायाला पुढं जागा ठेवली, डाव्या हाताशी दांडा दिला.

कागद बघून वेल्डर या खेपेला मान न डोलवता कामाला लागला.

लावणीला कमळ खाचरात बसली. तळाचा पत्रा चिखलावरून अलगद मागं सरकला आणि तिचा डावा हात आपसूक दांड्यावर गेला.

"ह्यो दांडा कुनी सांगितला?"

"कुनी न्हाई. बसताना तू भिंतीला हात लावतीस, ते बगितलं."

"पोरं लग्नाला आली," कमळ म्हणाली, "आन् आत्ता बगितलंत व्हय!"

बायका खो-खो हसल्या. कमळनं गाणं उचललं, आणि रामदास बांधावर बसून पेंढ्या पुढं करू लागला.